घराचा नियंत्रक घरातच हवा : नॅस आणि यूएसबी रेडिओविषयीच्या एका रूढ मताचा प्रतिवाद

घरातील दिवे, पाण्याची मोटर, कूलर आणि फाटकावरचा कॅमेरा यांना एका सूत्रात बांधणाऱ्या यंत्रणेविषयी संगणकविक्रेते, जोडणी करून देणारे तंत्रज्ञ आणि या विषयावर सल्ला देणारे जाणकार यांच्यात एक मत इतके रुळले आहे की ते तपासून पाहण्याची गरज आता कोणाला वाटत नाही. ते मत असे, की घरातील साठवण सर्व्हरचे काम फायली सांभाळणे एवढेच असून त्याला यूएसबीवर चालणारा स्मार्ट होम नियंत्रक जोडणे ही हौशी माणसाची उठाठेव आहे. ज्याला ही सोय हवी असेल त्याने एखाद्या कंपनीचा तयार हब विकत घ्यावा, मोबाईलमध्ये तिचे ॲप टाकावे आणि बाकीचे तिच्या सर्व्हरवर सोपवावे. परभणीसारख्या जिल्ह्याचा विषय निघाला की या मताला एक पुरवणीही जोडली जाते: जिथे वीज आणि पाणी यांचाच भरवसा नाही, तिथे घराच्या स्वयंचलनाची चर्चा म्हणजे मुंबई-पुण्याच्या सदनिकांचे अनुकरण होय. ही दोन्ही विधाने चुकीची आहेत, आणि दुसरे पहिल्यापेक्षा अधिक चुकीचे आहे.

चर्चेपूर्वी संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. साठवण सर्व्हर, ज्याला बाजारात ‘नॅस’ म्हणतात, तो म्हणजे एक किंवा अधिक हार्ड डिस्क बसवलेला, राऊटरला तारेने जोडलेला आणि दिवसरात्र चालू राहणारा छोटा संगणक. परभणी, सेलू, जिंतूर किंवा गंगाखेड येथे तो असण्याचा संभव लग्नसमारंभांची छायाचित्रे सांभाळणारे स्टुडिओ, करसल्लागार आणि दवाखाने यांच्याकडे अधिक, आणि यांपैकी अनेकांचे घर व कामाची जागा एकाच इमारतीत असते. यूएसबी नियंत्रक, ज्याला ‘डोंगल’ असेही म्हणतात, तो बोटभर लांबीचा रेडिओ असून झिगबी किंवा झी-वेव्ह या ठरावीक पद्धतीने घरातील संवेदक व स्विच यांच्याशी बोलतो. या रेडिओला स्वतःची बुद्धी नसते. कोणत्या वेळी काय चालू करावे आणि काय बंद करावे हे ठरवणारे सॉफ्टवेअर दुसऱ्या संगणकावर चालवावे लागते, आणि पॉलस स्काउटसेन यांनी २०१३ साली सुरू केलेले ‘होम असिस्टंट’ हे मुक्त सॉफ्टवेअर त्यासाठी आज जगभर वापरले जाते. वादाचा मुद्दा तेवढाच उरतो, की हा रेडिओ कोणत्या संगणकात खोचावा आणि ते सॉफ्टवेअर कोणाच्या छताखाली चालावे.

प्रथम पुरवणीचा समाचार घ्यावा लागतो, कारण ती वरवर समंजस वाटते. स्वयंचलन ही शहरी चैन असल्याचा समज मराठवाड्यातील शेतकऱ्याने केव्हाच खोटा ठरवला आहे. शेतीपंपाला वीज कधी दिवसा तर कधी रात्रीच्या पाळीत मिळते, आणि अपरात्री विहिरीवर जाऊन स्टार्टरचे बटण दाबण्यातून सुटका व्हावी म्हणून शेतकऱ्यांनी ऑटो स्विच, म्हणजे वीज येताच पंप आपोआप सुरू करणारे उपकरण, बसवले; ज्यांना त्याहून नेमके नियंत्रण हवे होते ते सिमकार्डवर चालणाऱ्या मोबाईल स्टार्टरकडे वळले. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांची ‘नॅनो गणेश’ ही यंत्रणा याच गरजेतून उभी राहिली; शेतकऱ्याला फोनवरून पंप सुरू-बंद करता यावा आणि शिवारात वीज आहे की नाही हे घरबसल्या कळावे, हा तिचा हेतू, आणि २००९ साली नोकिया कंपनीच्या जागतिक स्पर्धेत तिला पारितोषिक मिळाले. जिथे वीज आणि पाणी भरवशाचे असते तिथे दिवा आवाजाने लावणे ही चैन ठरते, हे मान्यच आहे. जिथे ते भरवशाचे नसते तिथे नळाला पाणी आल्याची, हौद भरल्याची किंवा वीज गेल्याची खबर देणारा संवेदक ही गरजेची वस्तू आहे.

ऑटो स्विचचाच दाखला प्रतिपक्ष आपल्या बाजूने देऊ शकतो, आणि तो दाखला खरा आहे. वीज परत येताच एका रोहित्रावरचे, म्हणजे गावातल्या भाषेत एका डीपीवरचे, सगळे पंप एकाच क्षणी सुरू झाले की त्यावर असह्य भार येऊन ते जळते, आणि म्हणूनच ऑटो स्विच काढून कॅपॅसिटर बसवावेत असे आवाहन महावितरण शेतकऱ्यांना वारंवार करत आले आहे. परंतु यातून निघणारा निष्कर्ष स्वयंचलन नको असा नसून आंधळे स्वयंचलन नको असा आहे. ऑटो स्विचला वीज आली एवढेच कळते. ज्या नियंत्रकामागे सॉफ्टवेअर आहे त्याला मात्र वीज आल्यावर काही मिनिटे थांबावे, ही मुदत दर वेळी वेगळी असावी, व्होल्टेज पुरेसे नसल्यास वाट पाहावी आणि हौदात पाणी नसेल तर मोटर लावूच नये, असे नियम घालून देता येतात. डीपी जळण्यावरचा उपाय अधिक शहाणे स्वयंचलन हा आहे, आणि ते शहाणपण कोठे ठेवावे या प्रश्नापाशी मूळ मताची खरी परीक्षा सुरू होते.

कंपनीचा हब घेतला की ते शहाणपण बहुधा घराबाहेर जाते. परभणीतल्या गृहस्थाने स्वयंपाकघरात उभे राहून मोबाईलवर मोटर बंद करण्याचे बटण दाबले, तर तो आदेश फायबरमधून शेकडो किंवा हजारो किलोमीटरवरच्या सर्व्हरवर जातो, तेथे नोंदला जातो, आणि मग परत येऊन त्याच घराच्या जिन्याखालील मोटरपर्यंत पोचतो. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटले की हे सारे थांबते, आणि पाणी मात्र टाकीवरून वाहत राहते. उलटपक्षी राऊटर आणि नॅस इन्व्हर्टरवर असतील तर इंटरनेट नसतानाही घरातील अंतर्गत जाळे चालूच राहते, कारण घरातल्या दोन यंत्रांना एकमेकांशी बोलण्यासाठी बाहेरच्या इंटरनेटची आवश्यकता नसते. इंटरनेट आणि घरचे जाळे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे साधे तथ्य विक्रेते ग्राहकाला समजावून सांगत नाहीत, आणि दूरच्या सर्व्हरचा आग्रह बहुतांशी या अज्ञानावरच टिकून आहे.

कंपनी मोठी आहे म्हणून तिचा सर्व्हर अखंड चालेल, हा युक्तिवादही अनुभवाला उतरत नाही. अमेरिकेतील रिव्हॉल्व्ह या कंपनीचा सुमारे ३०० डॉलर किमतीचा हब, ‘नेस्ट’ या दुसऱ्या कंपनीने २०१४ साली रिव्हॉल्व्ह ताब्यात घेतल्यानंतर, १५ मे २०१६ रोजी सर्व्हर बंद करण्यात आल्याने निरुपयोगी झाला; ग्राहकाच्या घरातले यंत्र शाबूत होते, पण त्याला आज्ञा देणारे कोणी उरले नव्हते. एप्रिल २०२२ मध्ये इन्स्टिऑन या कंपनीचे सर्व्हर ग्राहकांना पूर्वसूचना न देता बंद पडले, आणि तेव्हा ज्यांनी घरातल्याच संगणकावरून आपली उपकरणे चालवण्याची व्यवस्था केली होती त्यांची घरे चालू राहिली. पुढे काही ग्राहकांनीच एकत्र येऊन ती कंपनी विकत घेतली. २० ऑक्टोबर २०२५ रोजी ॲमेझॉनच्या सर्व्हरसेवेत बिघाड झाला तेव्हा ॲलेक्सा आणि रिंग ही उपकरणे जगातील सर्वांत संपन्न शहरांतही काही तास अडली. वीजपुरवठा अखंड असलेल्या देशांतील घरांची ही अवस्था असेल, तर परभणीतल्या घराला त्याच मार्गाने जाण्याचा सल्ला देणाऱ्याने तो कशाच्या आधारावर दिला हे सांगितले पाहिजे. घर केव्हा रिकामे असते, म्हातारी माणसे रात्री किती वेळा उठतात, दार किती वाजता उघडते, ही माहिती दूरच्या सर्व्हरवर साठत जाते, हा मुद्दा तर वेगळाच. मुले पुण्याला आणि आईवडील जिंतूरला, अशा कुटुंबांनी त्याचा विचार अधिक काळजीने करावा.

आता तांत्रिक आक्षेपांकडे वळावे, कारण प्रतिपक्षाचे खरे बळ तेथे आहे. पहिला आक्षेप असा, की नॅसच्या उत्पादकांनाच हा उपयोग मान्य नाही. यात तथ्य आहे. सिनॉलॉजी या कंपनीने २०२१ साली आपल्या प्रणालीची सातवी आवृत्ती आणली तेव्हा वाय-फाय, ब्लूटूथ आणि मोबाईल इंटरनेटच्या यूएसबी डोंगलांना असलेला आधार काढून घेतला, आणि नियंत्रकासारखी उपकरणे जोडू पाहणाऱ्यांना ड्रायव्हरचा, म्हणजे यूएसबीत खोचलेले उपकरण काय आहे हे प्रणालीला ओळखून देणाऱ्या छोट्या कार्यक्रमाचा, शोध स्वतःच घ्यावा लागू लागला. परंतु उत्पादकाने एक वाट बंद केली म्हणून मुक्काम चुकीचा ठरत नाही. आभासी यंत्र, म्हणजे नॅसच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा स्वतंत्र संगणक, तयार करून यूएसबी नियंत्रक थेट त्याच्या हवाली केला, तर ड्रायव्हर त्या आतल्या संगणकाकडे असावा लागतो, नॅसच्या मूळ प्रणालीकडे नव्हे. होम असिस्टंटची स्वतःची प्रणाली अशा यंत्रात चालते, तिला किमान २ जीबी मेमरी लागते आणि नेहमीच्या नियंत्रकांचे ड्रायव्हर तिच्यात आधीच असतात. ज्या नॅसची क्षमता याहून कमी आहे त्याच्यासाठी यूएसबीऐवजी नेटवर्कच्या तारेने जोडला जाणारा रेडिओ मिळतो, आणि मग ड्रायव्हरचा प्रश्नच उद्भवत नाही. सिनॉलॉजीचा हा निर्णय मात्र निषेधार्ह आहे, असे स्पष्ट म्हटले पाहिजे. लिनक्ससारख्या मुक्त प्रणालीवर आपले यंत्र उभारायचे, आणि त्या प्रणालीत सहज उपलब्ध असलेली सोय विकत घेणाऱ्याच्या हातून काढून घ्यायची, याला सुरक्षेचे कारण दिले तरी ते पुरेसे नाही.

दुसरा आक्षेप रेडिओतील गोंगाटाचा आहे. नॅसला नियंत्रक जोडून पाहिलेले अनेकजण सांगतात की संवेदक अधूनमधून नाहीसे होतात आणि दिवे उशिरा प्रतिसाद देतात, आणि यावरून नॅस हे या कामाला अयोग्य यंत्र असल्याचा निष्कर्ष काढला जातो. लक्षण खरे आहे, निदान चुकलेले आहे. यूएसबीच्या तिसऱ्या पिढीतील तारेतून सेकंदाला ५ अब्ज संकेत धावतात आणि त्यांच्यापासून निघणारा विद्युत गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पसरतो, हे इंटेल कंपनीने २०१२ सालीच एका तांत्रिक टिपणात दाखवून दिले होते. झिगबीचा रेडिओ नेमक्या याच पट्ट्यात ऐकत असतो, आणि नॅसच्या पाठीमागे, बाहेरच्या डिस्कच्या शेजारी, धातूच्या पेटीला चिकटून तो खोचला की त्याला दुबळ्या संवेदकाचा आवाज ऐकूच येत नाही. उपाय आहे तो दीड-दोन मीटर लांबीच्या एक्स्टेंशन केबलचा. नियंत्रक यूएसबीच्या दुसऱ्या पिढीच्या खाचेत जोडावा, केबलने पेटीपासून आणि राऊटरपासून दूर न्यावा आणि भिंतीवर उंच जागी बसवावा. तिसऱ्या पिढीच्या वेगाची त्याला गरजही नाही, कारण झिगबीचा हवेतील वेगच सेकंदाला २,५०,००० बिट इतका, म्हणजे यूएसबीच्या दुसऱ्या पिढीच्या क्षमतेच्या दोन हजाराव्या भागाच्या आसपास आहे. या शे-दोनशे रुपयांच्या केबलचा उल्लेख न करता संपूर्ण पद्धतच त्याज्य ठरवणाऱ्यांनी वाचकांचे नुकसान केले आहे. राऊटरचे वाय-फाय पहिल्या वाहिनीवर ठेवून झिगबीला २० ते २५ यांपैकी एखादी वाहिनी दिली तर दोघांची आपसातली टक्करही टळते.

झी-वेव्हच्या बाबतीत घोटाळा वेगळा आहे आणि तो अधिक गंभीर आहे. ही पद्धत देशागणिक वेगळ्या वारंवारितेवर चालते: भारतात ८६५.२ मेगाहर्ट्झ, युरोपात ८६८.४२ आणि अमेरिकेत ९०८.४२. भारतात २००५ च्या नियमांनी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केला आणि पुढे त्याची मर्यादा ८६८ पर्यंत वाढवली. ९०८ मेगाहर्ट्झ मात्र येथे मोबाईल फोन टॉवरकडे संदेश पाठवतात त्या पट्ट्यात येते. अमेरिकेहून नातेवाइकाने आणलेला नियंत्रक परभणीत जोडणे म्हणूनच नियमबाह्य आहे, आणि भारतीय वारंवारितेच्या स्विचशी तो बोलणारही नाही. येथे दोष नॅसचा नसतो, पण बोल त्यालाच लागतो.

जाळ्याच्या रचनेविषयी जे लिहिले जाते ते अखंड वीज गृहीत धरून लिहिलेले असते, आणि परभणीच्या दृष्टीने हीच सर्वांत मोठी उणीव आहे. झिगबी आणि झी-वेव्ह यांत विजेवर चालणारी उपकरणे, उदाहरणार्थ स्मार्ट प्लग किंवा भिंतीतले स्विच, एकमेकांचा संदेश पुढे पोचवतात. बॅटरीवरचे संवेदक ते काम करत नाहीत. दगड आणि पांढऱ्या मातीच्या रुंद भिंतींच्या जुन्या माळवदाच्या घरात, किंवा दोन स्लॅब ओलांडून गच्चीवरच्या टाकीपर्यंत, रेडिओचा संदेश या मधल्या उपकरणांच्याच आधाराने पोचतो. भारनियमन सुरू झाले की नॅस, राऊटर आणि नियंत्रक इन्व्हर्टरवर चालू राहतात, पण मधला प्लग साध्या लाइनवर असेल तर तो बंद पडतो आणि टाकीवरचा संवेदक, त्याची बॅटरी भरलेली असूनही, मुका होतो. यजमान नॅसला दोष देतो, तंत्रज्ञ नियंत्रक बदलून देतो, आणि पुढच्या भारनियमनात तेच घडते. संदेश पुढे नेणारी निदान दोन-तीन उपकरणे इन्व्हर्टरच्या लाइनवर असावीत, आणि घराचे वायरिंग करतानाच वायरमनला ही गोष्ट सांगावी, एवढ्याने हा प्रश्न सुटतो.

काहींचे म्हणणे असे, की कंपनीचा हब नको असेल तर रास्पबेरी पायसारखा तळहाताएवढा स्वतंत्र संगणक घ्यावा, नॅसला त्रास देऊ नये. हा सल्ला प्रामाणिक आहे आणि अनेक घरांत तो चालतोही. परंतु असा संगणक बहुधा मेमरी कार्डावर चालतो, आणि नोंदी लिहिल्या जात असताना वीज अचानक गेली की कार्डावरील मजकूर बिघडण्याचा धोका असतो. नॅसची रचनाच मुळी हा धोका ओळखून केलेली असते: त्याच्या यूएसबी खाचेला यूपीएस जोडता येतो, बॅटरी संपत आल्याची सूचना मिळताच तो स्वतः सुरक्षितपणे बंद होतो, वीज आल्यावर पुन्हा सुरू होतो, आणि घरातल्या बाकीच्या माहितीबरोबर नियंत्रकाच्या नोंदींचीही प्रत ठरलेल्या वेळी काढली जाते. जे यंत्र आधीच चोवीस तास जागे आहे आणि ज्याच्यावर यूपीएसचा खर्च झालेला आहे, त्याच्या शेजारी दुसरे, अधिक नाजूक यंत्र कशासाठी ठेवायचे याचे समाधानकारक उत्तर या पक्षाकडे नाही.

प्रतिपक्षाचे तीन मुद्दे मात्र मान्य केले पाहिजेत. पहिला उष्णतेचा. अनेक घरगुती नॅसच्या माहितीपत्रकात खोलीच्या तापमानाची कमाल मर्यादा ४० अंश दिलेली असते, आणि परभणीचा मे महिना ती मर्यादा सहज ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत, माळ्यावर किंवा इन्व्हर्टरच्या बॅटरीशेजारी नॅस ठेवणे म्हणूनच चूक आहे, आणि ज्याच्या घरी त्यातल्या त्यात गार राहणारी, हवा खेळती असलेली जागा नाही त्याने या वाटेला जाऊ नये. दुसरा मुद्दा डिस्कचा: संवेदकांच्या नोंदी सतत लिहिल्या गेल्या तर डिस्कला विश्रांती मिळत नाही, यासाठी त्या नोंदी एसएसडीवर ठेवाव्यात आणि अनावश्यक संवेदकांची नोंद बंद करावी. तिसरा मुद्दा सुरक्षेचा असून तो सर्वांत महत्त्वाचा आहे. जानेवारी २०२२ मध्ये ‘डेडबोल्ट’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने क्यूनॅप कंपनीची, थेट इंटरनेटवर उघडी ठेवलेली अनेक नॅस यंत्रे कुलूपबंद केली; घराचे नियंत्रणही त्याच यंत्रावर असेल तर धोका वाढतो हे उघड आहे. म्हणून बाहेरगावाहून घराशी संपर्क साधायचा तर राऊटरचे दार उघडे न टाकता व्हीपीएनचा, म्हणजे कूटबद्ध खासगी मार्गाचा, वापर करावा. सॉफ्टवेअर आभासी यंत्राऐवजी कंटेनरमध्ये, म्हणजे नॅसच्याच प्रणालीवर चालणाऱ्या वेगळ्या कप्प्यात, ठेवले असेल तर त्या कप्प्याला संपूर्ण नॅसवरचे अधिकार देण्याची सोपी वाट टाळून फक्त त्या एका यूएसबी उपकरणाचा अधिकार द्यावा. तो देतानाही उपकरणाचे क्रमांकावर आधारलेले नाव न वापरता त्याच्या कायमच्या ओळखीचे नाव वापरावे, कारण नॅस पुन्हा सुरू होताना हा क्रमांक बदलू शकतो आणि मग नियंत्रक हरवल्यासारखा भासतो. पाण्याची मोटर कधीही साध्या स्मार्ट प्लगवर चालवू नये. तिच्या भाराला साजेसा काँटॅक्टर, म्हणजे जड भार पेलणारा विजेवर चालणारा स्विच, मध्ये असावा, आणि भिंतीवरचा हाताने चालणारा स्विच कायम ठेवावा, म्हणजे नॅस बंद पडला तरी घरातले पाणी अडणार नाही.

हे सारे मान्य केल्यावरही मूळ मताला आधार मिळत नाही, कारण या तीनही अडचणींवर घरातच उपाय आहे आणि कंपनीचा सर्व्हर बंद पडण्यावर घरात कोणताही उपाय नाही. उणीव आहे ती मराठीत समजावून सांगणाऱ्यांची. परभणीत १९७२ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ आहे, आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषद व जागतिक बँक यांच्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पाखाली त्याने यंत्रमानव, ड्रोन व स्वयंचलित वाहने यांवर आधारलेल्या डिजिटल शेतीचे काम हाती घेतले होते. ज्या ठिकाणी ड्रोनचे शिक्षण देता येते तिथे घर, गोठा आणि विहीर यांच्यासाठी कंपनीच्या सर्व्हरविना चालणाऱ्या नियंत्रणाची मराठी पुस्तिका निघणे अशक्य नाही, आणि जिल्ह्यातील आयटीआयमध्ये वायरमनचा अभ्यासक्रम शिकवताना इन्व्हर्टरच्या लाइनवर संदेशवाहक उपकरणे ठेवण्याचा धडा देणेही अवघड नाही. तोवर ग्राहकाने स्वतःपुरते एक करावे: स्मार्ट उपकरणाचे पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याला दुकानातल्या राऊटरची इंटरनेटची तार काढायला सांगावी, आणि त्यानंतरही ते उपकरण चालले तरच ते घ्यावे.